भागाकार सर

कुणाच्याही घरी गेले की सर आधी विजेच्या मीटरकडे बघत. चपला दाराशी काढायच्या, झोळी खांद्यावरच ठेवायची आणि मीटरच्या काचेमागची चकती कशी फिरते ते मान तिरपी करून बघत उभं राहायचं. घरातले "या, बसा" म्हणत, तर हे हात वर करून म्हणत, "थांबा, मोजून राहिलो." मग मनगटावरचं घड्याळ बघायचं, ओठांतल्या ओठांत पुटपुटायचं आणि घरच्या बाईंना सांगायचं, "ताई, आत इस्त्री चालू राहिली तुमची." बाई आत धावत, आणि इस्त्री खरंच चालू असे.

माझ्या सासूबाईंची आणि त्यांची पहिली भेट या सवयीपायीच गाजली. आमचं घर पांढुर्ण्याला, मध्य प्रदेशातल्या मराठी पट्ट्यात. त्या काळात गावातल्या निम्म्या घरांत विजेची तारेची शेगडी होती आणि मंडळाच्या दंडाच्या भीतीनं ती आहे असं एकही घर कबूल करत नसे. एक अनोळखी माणूस झोळी घेऊन आपल्या मीटरपुढे उभा आहे हे सासूबाईंनी स्वयंपाकघरातून पाहिलं, हा वीज मंडळाचाच माणूस अशी त्यांची खात्री पटली, आणि त्यांनी लालबुंद शेगडी तशीच फडक्यानं उचलून खाटेखाली सरकवली. खाटेखाली तरटाचं पोतं होतं. थोड्याच वेळात घरभर धूर झाला.

सरांनी शांतपणे जाऊन आधी प्लग ओढला, मग पोतं फरफटत अंगणात नेऊन पायानं विझवलं. मी माझ्या शाळेतल्या या सरांची ओळख कशी करून द्यावी या विचारात, आणि सासूबाईंना तोंड कुठं लपवावं ते कळेना. सर म्हणाले, "मावशी, भात संध्याकाळी लवकर शिजत नसंन तुमचा."

सासूबाई चमकल्या. "नाहीच शिजत ना बाप्पा. तुमाले कसं मालूम?"

"दुपारी विजेचा दाब असते दोनशे तीस. संध्याकाळी साऱ्या गावाचे दिवे लागले का एकशे साठवर येते. दाब कमी झाला म्हणून धारही कमी झाली. अन् आच म्हणजे या दोघांचा गुणाकार. दोन्हीकून मार बसला, तर आच अर्ध्यावर आली. तांदळाचा काही दोष नाही."

सासूबाई तोवर तांदळाला दोष देत होत्या, आणि खरं सांगायचं तर तांदळानंतर लगेच मला. त्या दिवसापासून सरांचा आमच्या घरात मान वाढला आणि त्यांच्यामागून थोडासा माझाही.

आम्ही दोघं सौंसरच्या एकाच शाळेत. मी मराठी शिकवायची, ते भौतिकशास्त्र. दोघांनाही पांढुर्ण्याहून यावं लागे, त्यामुळे सकाळची बस एकच. ते माझ्याहून बरेच मोठे होते, केस कानांवर पांढरे झालेले, अंगात बाहेर काढलेला शर्ट आणि खिशाला शाईचा डाग. त्यांच्या झोळीत एक काट्याचं मीटर असे, बायकोच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. त्याच झोळीत जेवणाचा डबा. मीटरला ठेच्याचा वास यायचा आणि भाकरीला मशीनच्या तेलाचा, पण सरांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

बसमध्ये त्यांची जागा ड्रायव्हरच्या मागची. पावसाळ्यात सकाळी अंधारून आलं आणि ड्रायव्हरनं दिवे लावले की सरांच्या अंगात वारं शिरत असे. एकदा त्यांनी मलाच धरलं. मी गणिताचं नाव काढलं की पदर खोचून पळणारी बाई, पण चालत्या बसमधून पळणार कुठं?

"बाई, बॅटरी बारा व्होल्टाची. म्हणजे मागून लोटणारा दाब बारा. अन् या बल्बातून खरोखर वाहून राहिली चार अँपिअरची धार. बाराले चारनं भागा."

"तीन."

"हा झाला बल्बाचा अडथळा. तीन ओहम. आता तेच दोन गुणा."

"अठ्ठेचाळीस."

"ही झाली शक्ती. अठ्ठेचाळीस वॅट. दोन आकडे देऊन जा, दोन नवीन घेऊन या. असा दुकानदार तुम्ही कुठं पाहिला?"

ड्रायव्हर मागं न बघता म्हणाला, "सर, वॅट तुमी पाहा. रस्त्यातल्या म्हशी मी पाहतो."

मला मात्र त्या दिवशी प्रथमच वाटलं की हे आपल्याला समजतं आहे. शाळेत असताना कुणी तरी मला असं बसमध्ये कोंडून शिकवायला हवं होतं. पुढं मी घरी इस्त्रीवरचा आकडा वाचून किती अँपिअर जातात ते सासूबाईंना सांगू लागले, तेव्हा नवऱ्यानं कपाळाला हात लावला.

पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं भागाकार सर. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांना ते आवडतही असे. कारण ते भागाकार फक्त तारांचा करत नसत. आमच्या शाळेचे त्या वेळचे प्राचार्य सभा फार घ्यायचे. आवाज मोठा, हुकूम रोजचे, आणि गळक्या छपराचं पत्र वर्षानुवर्षं पाठवायचं राहिलेलं. एकदा मधल्या सुट्टीत चहा पिताना सर हळूच म्हणाले, "बाई, साहेबांचा हिशोब लावून पाहा. दाब भरपूर, धार शून्य."

मी म्हटलं, "शून्यानं भागता येत नाही."

"थेच म्हणून राहिलो मी. अडथळा मोजण्याच्या पलीकडं गेला. आता गुणून पाहा. शक्ती?"

माझ्या नाकातून चहा आला. नेमके प्राचार्य दारात. "काय चाललंय?" सर उठून उभेसुद्धा राहिले नाहीत. म्हणाले, "बाईले गणित शिकवून राहिलो, साहेब."

त्यांचं घर बघण्यासारखं होतं. पांढुर्ण्याच्या जुन्या वस्तीत दोन खोल्या, पण भिंतीवर देवांच्या तसबिरींपेक्षा चिठ्ठ्या जास्त. प्रत्येक बटणाशेजारी, प्रत्येक पंख्याखाली, रेडिओच्या पाठीवर खळीनं चिकटवलेली चिठ्ठी, आणि तिच्यावर बारीक अक्षरात व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट. कंपनीनं वस्तूवर जे छापलं असेल त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "छापणारा कोठी बसला? त्यानं माह्या घरचा दाब पाहिला काय?" असं म्हणून ते स्वतः मोजत आणि मगच चिठ्ठी लावत. त्यांच्या पत्नी फार शांत बाई. त्या मला एकदा म्हणाल्या, "माह्या कपायावर तेवढी चिठ्ठी लावाची राहिली." सर लगेच म्हणाले, "लावतो ना, पण अडथळा कोणत्या कागदावर मावंन?" आणि दोघंही हसले. मला त्या घरात नेहमी बरं वाटायचं.

लोधीखेड्याला एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. मांडवाच्या बोर्डावर फ्यूजच्या जागी वायरमननं जाड तार गुंडाळली होती, दिवे जाऊ नयेत म्हणून. अशी जाड तार वितळत नाही, वायरिंग तापून मांडवच पेटतो. सरांनी ती पाहिली आणि तिथंच ठाण मांडलं. त्यांनी वायरमनला सांगून पाहिलं, मुलीच्या मामांना सांगून पाहिलं, कुणी ऐकेना. मग जेवणाची पंगत बसली तरी हे बोर्डापाशी उभे. बायको ताट तिथंच घेऊन आली. एका हातानं वरणभात कालवत, दुसऱ्या हाताची बोटं तारेजवळ धरून ती किती तापते ते बघत त्यांनी जेवण उरकलं. लोक हसत होते. मला हसू आलं नाही, कारण मुलगी बोहल्यावर जाऊन खाली येईपर्यंत या माणसानं तिच्या मांडवाची राखण केली होती, आणि तिला ते कधी कळणारही नव्हतं.

शाळेत त्यांचं खरं घर म्हणजे प्रयोगशाळा. मागच्या बाजूची लांबट खोली, किल्ली सरांच्या करदोड्याला. यंत्रांवरची धूळ ते स्वतः पुसत, शिपायाला हात लावू देत नसत. वर्गात ते कितीही थट्टा करोत, त्या खोलीत त्यांचा एकच कायदा होता. "काटा सांगते थे लिहा. काट्यापेक्षा शहाणे होऊ नका."

पोरं मान डोलवत आणि बरोबर उलटं करत. तारेची वेटोळी एका लाकडी पट्टीवर बसवलेली, त्यांना आम्ही गुंडाळी म्हणायचो. प्रत्येक गुंडाळीला नंबर आणि तळाशी चिठ्ठी, तिच्यात रोध, म्हणजे सरांचा तो अडथळा, किती आहे ते लिहिलेलं. परीक्षेत प्रयोग हाच, व्होल्ट आणि अँपिअर मोजायचे, भागाकार करून रोध काढायचा, गुणाकार करून शक्ती. पण वरच्या वर्गातली पोरं जाताना खालच्यांना सांगून जात, एक नंबरची गुंडाळी दहा ओहम, दोन नंबरची पाच. मग कशाला मोजतात? एकदा काट्याकडं बघायचं, तीन व्होल्ट दिसले की खाली शून्य दशांश सहा अँपिअर लिहून मोकळं व्हायचं, कारण तीनला त्यानं भागलं की पाच येतात. सगळ्यांच्या वह्यांत सुबक पाच. सर बसमध्ये चिडत, "पोट्टे उत्तराकून सुरू करतात अन् काट्याकडं चालत येतात." पण उत्तर बरोबर असे, तेव्हा सही करण्याखेरीज त्यांच्या हाती काही नव्हतं.

या सगळ्यांत सुजाता नवी होती. रामाकोन्याहून छोट्या रेल्वेगाडीनं रोज यायची. शेवटच्याच वर्षाला आमच्याकडे दाखल झालेली, त्यामुळे तिला वरच्या वर्गाचं कुणी ओळखीचं नव्हतं आणि वर्गातल्या मुली तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत. वडील दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत पाणी द्यायला होते. गाडी उशिरा आली की ती माझ्या तासाला दारात उभी राहायची, आणि अशाच एका उशिराच्या दिवशी तिनं मला सगळं सांगितलं.

"मॅडम, बाबा म्हनतात, साऱ्या विषयात निघाली तर पॉलिटेक्निकले धाडतो. एकातही राह्यली तर ताईसंगं कापसाच्या जिनिंगमधी. तिथं माही जागा बोलून ठेवली हाये."

तिची ताई मी पाहिली होती. जिनिंगमधून सुटून गाडीच्या वेळेला स्टेशनवर यायची, पापण्यांवर कापसाचं तूस, बोलताना मधेच खोकायची. सुजातापेक्षा थोडीच मोठी असेल, पण बाई दिसायची. मी सुजाताला "अभ्यास कर" एवढंच म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

तर बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक आले होते. हिंदी बोलणारे, गोरेपान, जरा घाईत असलेले गृहस्थ. त्यांचं बोलणं मी इथं मराठीतच सांगते. प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागे, ते गेलं की विषय गेला. माझ्याकडे त्या दिवशी मुलांच्या सह्या घेण्याचं आणि परीक्षकांच्या चहाचं काम होतं, म्हणून मी त्या खोलीत होते.

सकाळच्या तुकडीचं सुरळीत पार पडलं. दोन नंबरवर पाच, पाच, पाच. परीक्षक गुंडाळी उलटी करून चिठ्ठी बघत आणि खूण करत पुढं जात. दुपारच्या तुकडीत सुजाताला दोन नंबरची गुंडाळी आली. परीक्षक तिच्यापाशी थांबले, आणि थांबूनच राहिले.

"या गुंडाळीवर सगळ्यांचं पाच आलं. तुझं सहा?"

"हो सर."

"तीन व्होल्टला काटा कुठं होता?"

"अर्ध्या अँपिअरवर."

"बरोबर बघितलास?"

"हो सर. दीड व्होल्टलेही पाहिला. तवा त्याच्याही अर्ध्यावर होता."

परीक्षकांनी गुंडाळी उलटी केली. चिठ्ठीवर स्पष्ट पाच. त्यांनी लाल पेन काढलं आणि तिच्या सगळ्या आकड्यांवरून एक तिरपी रेघ ओढली. सुजाताच्या ओठांचा रंग उडाला. मला जिनिंगच्या फाटकातून बाहेर पडणारी तिची ताई डोळ्यांपुढं दिसली.

सर खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. ते भरभर आले. त्यांना राग आला होता, पण तो परीक्षकांचा नव्हता. आपण शिकवलेल्या पोरीनं साधी जोडणी चुकवावी हे त्यांना लागलं होतं.

"तार ढिली राहिली असंन, पोरी. सरक."

त्यांनी सगळे स्क्रू पुन्हा आवळले. तारांची टोकं खरवडून स्वच्छ केली. वाकून, एक डोळा मिटून काटा पाहिला. तीन व्होल्ट, अर्धा अँपिअर. त्यांनी कपाटातून दुसरं अँपिअरचं मीटर आणून लावलं. अर्धा. मग त्यांनी झोळीतून स्वतःचं, लुगड्याच्या तुकड्यातलं मीटर काढलं, ज्याच्यावर त्यांचा सख्ख्या भावापेक्षा जास्त भरवसा होता. त्याचा काटाही तिथंच जाऊन उभा राहिला.

सर स्टुलावर बसले. त्या खोलीत त्यांना बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

परीक्षक माणूस वाईट नव्हता. त्यांनी मुलीचा चेहरा पाहिला असावा. खालच्या आवाजात म्हणाले, "जाऊ द्या सर. यंत्र जुनं आहे, होतं असं. मुलीला सांगा, कोऱ्या पानावर पुन्हा लिही, पाच आण. मी पूर्ण गुण देतो. मला संध्याकाळची गाडी गाठायची आहे."

एव्हाना कुणीतरी प्राचार्यांना बोलावून आणलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग अडलं कुठं? लिही गं बाळ पाच. लिहून टाक."

सुजातानं पेन उचललं. तिनं कोरं पान ओढलं. पण लिहिण्याआधी तिनं सरांकडं पाहिलं, आणि मी शपथेवर सांगते, त्या पाहण्यात हट्ट नव्हता, शहाणपणाचा तोरा नव्हता. तुम्हीच शिकवलंत, आता तुम्हीच सांगा, काय लिहू, एवढंच होतं. तिच्यापुढं पॉलिटेक्निक होतं आणि एक आकडा बदलला की ते तिचं होतं.

"नको लिहू," सर म्हणाले.

ते उठले. त्यांनी दोन नंबरची गुंडाळी हातात घेतली आणि तळाची चिठ्ठी नखानं खरवडू लागले. बोलताना ते कुणाकडं बघत नव्हते.

"काही वर्षांपूर्वी एका पोट्ट्यानं ही गुंडाळी थेट भिंतीतल्या प्लगात घातली होती. जळून कोळसा झाली. मी पांढुर्ण्याच्या मोटर भरणाऱ्याकडून तार आणली अन् घरी बसून नवीन गुंडाळली. तार जरा बारीक होती. जुनी चिठ्ठी काढून हिलेच लावली, जागा रिकामी दिसू नये म्हणून. म्हटलं, सोमवारी मोजतो अन् बदलतो." चिठ्ठी सुटून त्यांच्या हातात आली. "थो सोमवार आलाच नाही. मी हिले मोजलंच नाही. अन् दरसाल पोट्टे पाच लिहून आणतात अन् मी सही करून राहिलो."

ज्या माणसानं साऱ्या पांढुर्ण्यातल्या इस्त्र्या मोजल्या, सासूबाईंच्या भाताचा हिशोब लावला, त्यानं स्वतःच्या प्रयोगशाळेतली गुंडाळी मोजली नव्हती. मला त्यांची फार दया आली, आणि त्याच वेळी फार अभिमानही वाटला. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला सांगता येत नाही, पण वाटलं.

पहिलं भान प्राचार्यांना आलं. "अहो, काय बोलताय! हिचे सहा बरोबर म्हणजे सकाळपासूनचे सगळे पाच खोटे? साऱ्या शाळेचं प्रात्यक्षिक रद्द करायचंय का? एका पोरीपायी?"

परीक्षकांचाही चेहरा आता कडक झाला होता. "हा प्रश्न आहेच. काटा अर्ध्यावर असताना या सगळ्यांनी शून्य दशांश सहा कुठून आणले?"

दुपारच्या तुकडीतली पोरं पायाच्या अंगठ्यांकडं बघू लागली. त्यांच्यातही कुणाची नोकरी, कुणाचं कॉलेज अडकलेलं होतं. सरांनी त्यांच्यावर एकदा नजर फिरवली.

"त्यांनी माह्या चिठ्ठीवर भरवसा ठेवला. मास्तरची चिठ्ठी खोटी असंन असं पोरायच्या मनात कसं येईन? शेरा लिहा साहेब, माह्या नावानं लिहा. न मोजता चिठ्ठी लावली. अन् यायले सर्वायले पुन्हा मोजू द्या. सकाळच्यांनाही बोलावतो, जवळच आहेत. आता चिठ्ठी नाही. आता कोणालेच उत्तर मालूम नाही."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, प्राचार्यांकडं पाहिलं आणि शेवटी लाल पेन खिशात ठेवलं. "गाडी उद्याची बघतो," ते म्हणाले.

मग मी जे पाहिलं ते त्या शाळेत पुन्हा कधी पाहिलं नाही. पोरं एकामागून एक त्या टेबलाशी आली आणि पहिल्यांदाच काट्याकडं बघू लागली. वाकून, श्वास रोखून, एक डोळा मिटून. सहा माहीत झाले होते म्हणून सरांनी दोन नंबर बाजूला ठेवली आणि तिथल्या तिथं शिल्लक तारेतून नव्या गुंडाळ्या करून दिल्या, ज्यांचा रोध त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हता. आधी ते स्वतः मोजत आणि आकडा परीक्षकांच्या कानात सांगत. कुणी चुकलं, कुणी पुन्हा मोजलं, एकानं भागायच्या जागी गुणलं आणि कपाळावर मारून घेतलं. सुजाताच्या पानावरची तिरपी रेघ परीक्षकांनी स्वतः खोडली आणि बाजूला सही केली.

सगळी पोरं पास निघाली. शेराही निघाला. वरून विचारणा झाली, सरांनी जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, आणि प्रयोगशाळेचा कार्यभार त्यांच्याकडून काढून एका तरुण शिक्षकाला दिला गेला. प्राचार्यांनी किल्ली मागितली तेव्हा सरांनी करदोड्याची गाठ सोडायला बराच वेळ लावला. पुढं ते फळ्यावरच शिकवत. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या बाजूनं न जाता मैदानाला वळसा घालून स्टाफरूममध्ये येत. बसमध्ये ड्रायव्हरनं दिवे लावले तरी गप्प बसत. एकदा ड्रायव्हरनंच विचारलं, "सर, आज वॅट नाही सांगितले?" ते म्हणाले, "तुम्ही म्हशी पाहा."

त्यांच्या पत्नी मला बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "घरच्या साऱ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या त्याहीनं. एकेक वस्तू पुन्हा मोजून राहिले. जेवाले बोलावलं का म्हन्तात, हे काही मी नक्की पाह्यलं होतं काय?" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

निकाल लागल्यावर सुजाता वडिलांना घेऊन शाळेत आली. सर्व विषयांत निघाली होती, पॉलिटेक्निकचा अर्ज भरून झाला होता. वडील काटक, उन्हानं रापलेले, धुतलेलं धोतर नेसून आलेले. हातात पेढ्यांचा पुडा. स्टाफरूमच्या उंबऱ्याबाहेरच ते थबकले. मी "आत या ना भाऊ" म्हटलं तेव्हा दारालगत येऊन उभे राहिले.

सुजाता सरांच्या पाया पडली आणि उठायच्या आधीच रडायला लागली. "सर, माह्यापायी तुमची लॅब गेली."

सर "ऊठ, ऊठ" म्हणत राहिले. वडिलांना तिचं रडणं सोसेना. ते हात जोडून म्हणाले, "गुरुजी, मले यातलं काही समजत नाही. लोकं म्हन्तात, तुमच्या पोरीनं परीक्षेत काहीतरी वाकडंतिकडं लिहलं अन् गुरुजीवर बालंट आलं. तुमी खरं सांगा. माही पोरगी खोटं तं नाही ना बोलली?"

सर उठून उभे राहिले. प्राचार्यांसाठी न उठणारा हा माणूस त्या बागेतल्या पाणक्यासमोर ताठ उभा राहिला.

"भाऊ, त्या खोलीत मी इतके साल काढले. साऱ्यांनी खोटं लिहिलं अन् मी साऱ्यांवर सही केली. काट्याचं ऐकलं फक्त तुमच्या पोरीनं. लॅब माही होती म्हणते ही? त्या लॅबमध्ये आजवर प्रयोग एकच झाला, अन् थो हिनं केला."

वडिलांना किती समजलं ठाऊक नाही, पण त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. मग पुढं येऊन, अंग चोरून, त्यांनी पेढ्यांचा पुडा टेबलाच्या अगदी कडेला ठेवला, सरांच्या हाताला हात लागू नये इतका दूर. शिवाशिवीच्या गावात आयुष्यभर लागलेली सवय होती ती.

"टेबलावर कायले ठेवता?" सर म्हणाले. "भरवा."

आणि साऱ्या स्टाफरूमसमोर त्यांनी लहान मुलासारखं तोंड उघडलं.